रुपयाचा कस

हॉस्टेलमध्ये कुणालाही झोपेतून उठवून विचारा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणजे कोण? राज्यघटना, महाडचं चवदार तळं, नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, सगळं धडाधड येईल. पण त्यांच्या नावाआधी जे ‘डॉक्टर’ लागतं ते कशासाठी, असं विचारलं की व्हायवात एक्स्टर्नलसमोर होते तशी शांतता पसरते. बाबासाहेबांनी अभ्यास करून मिळवलेल्या डॉक्टरेट दोन. त्यातली लंडनची डी.एस्सी. त्यांनी मिळवली ती चांदीच्या रुपयावर. प्रबंधाचं नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. आणि मित्रहो, हे पुस्तक अर्थशास्त्राचं असलं तरी त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या दोन गोष्टींपासून होते: वजन आणि शुद्धता.

सोन्याचांदीचं वजन म्हणजे काय हे भीमरावांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनवर जगत होते, घर परळच्या चाळीत, आणि मुलाला पुस्तकांचं वेड. महिनाअखेर खिशात पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. एकीकडे रोख मिळाली नाही तर दुसरीकडून दागिना मागायचा, तो गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत द्यायचा. आता विचार करा, गहाण ठेवणाऱ्यासमोर काटा असतो, कसोटीचा दगड असतो. वजन तो सांगेल ते, टंच तो सांगेल तो. गरजवंताला हुज्जत घालता येत नाही. बाबासाहेबांचं शिक्षण अशा काट्यावर तोललं गेलेलं आहे.

आता थोडं आपल्या लाइनचं बोलू. हिल रोडवरच्या एखाद्या सराफाच्या दुकानात चांदीची साखळी घेतली तर तिच्यावर ९२५ असा शिक्का दिसतो. म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. निखळ चांदी फार मऊ, वापरात झिजते, वाकते, म्हणून तांबं मिसळायचंच. चांदीच्या जुन्या रुपयाचं गणित असंच होतं. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १६५ ग्रेन, साधारण १०.७ ग्रॅम. अकरा भागिले बारा केलं तर ०.९१६ येतं. बावीस कॅरेट सोन्यावर जो ९१६ चा आकडा असतो तो हाच. चोवीसात बावीस म्हणजे बारात अकरा. रुपया तोळाभर वजनाचा असल्यामुळे बाजारात तो वजन म्हणूनही तराजूत पडायचा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ८० रुपये पारड्यात टाकले की शेर झाला.

पण हा एकसारखा रुपया १८३५ साली आला. त्याआधी काय होतं? बाबासाहेबांचं पुस्तक इथूनच सुरू होतं. मुघल सत्ता ढासळली तशी गावोगावच्या टांकसाळी स्वतंत्र झाल्या. शिक्का बादशहाचा, पण आतला माल ज्याचा त्याचा. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. मुंबईचा रुपया आणि सुरतेच्या नवाबाचा रुपया सारख्याच भावानं चालावा असं ठरलेलं होतं. नवाबानं हळूच भेसळ वाढवली. १० टक्के, १२ टक्के, कधी १५ टक्क्यांपर्यंत. मग कोण मूर्ख चांगला रुपया खर्च करील? मुंबईचे रुपये वितळून सुरतेला परत पाडले जाऊ लागले आणि मुंबईत चांदीचे रुपये पाडण्याचं काम वीसेक वर्षं बंद पडलं. शेवटी १८०० साली कंपनीनं हात टेकले आणि सुरती रुपयाच्याच वजनाचा, त्याच टंचाचा रुपया मुंबईत पाडायला सुरुवात केली. खोटं नाणं खऱ्याला हाकलून लावतं, हा नियम अर्थशास्त्रात ग्रेशॅमच्या नावानं शिकवतात. मुंबईकरांनी तो आधीच भोगला होता.

या गोंधळात पोट कुणाचं भरलं? सराफाचं. प्रत्येक नाणं तोलायचं, कसोटीवर ओढायचं, आणि बट्टा कापून घ्यायचा. सावकारी पेढीला बट्टा परवडतो. ज्याच्या हातात दिवसाच्या मजुरीचं एकच नाणं आहे त्याचं जेवण बट्ट्यात जातं.

कसोटीच्या दगडानं अंदाज कळतो, खात्री होत नाही. टांकसाळीत खात्री लागते. त्यासाठी जुनी रीत अशी: नाण्यातला छोटा तुकडा अचूक तोलायचा, त्यात शिसं घालून हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत तापवायचा. शिसं आणि तांबं ऑक्साइड होऊन वाटीत मुरतं, वर चांदीचा चकचकीत मणी राहतो. मणी तोलला की टंच कळला. पुढं १८३२ च्या सुमाराला गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानं मिठाच्या द्रावणानं चांदी मोजायची रीत काढली. फर्स्ट इयरला ब्युरेटकडे डोळे लावून टायट्रेशन करताना जी कटकट वाटते ना, तिच्या जिवावर देशोदेशीच्या टांकसाळी चालल्या आहेत.

तर १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात १८० ग्रेनचा, ११/१२ शुद्धतेचा रुपया सुरू झाला. कुणीही चांदी टांकसाळीत न्यावी, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावं. रुपया म्हणजे चांदी आणि चांदी म्हणजे रुपया. वजन पक्कं, कस पक्का. मग ‘प्रॉब्लेम’ कुठं उरला?

हा प्रश्न घेऊन बसलेला माणूस कोणत्या परिस्थितीत बसला होता तेही बघा. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. अभ्यासाला रंग चढतोय तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ ला परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं; त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते पाणतीरानं बुडालं. बडोद्यात नोकरी करायला गेले तर राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत राहिले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकून लावलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. शिकवणं इतकं चांगलं की दुसऱ्या कॉलेजची मुलं वर्गात येऊन बसायची. आणि स्टाफरूममधल्या माठातलं पाणी यांनी प्यायचं नाही, अशी काही सहकाऱ्यांची हरकत! रुपयाची शुद्धता शिकवणाऱ्या माणसाला शुद्धतेचा हा दुसरा अर्थ रोज समोर दिसत होता.

पगारातून पै-पै वाचवली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. मेसच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्यांनी पुढचं वाचावं. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, ते बंद होईपर्यंत. रात्री भूक लागली की एका ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचं. इकडे परळच्या चाळीत रमाबाई काटकसरीनं संसार ओढत होत्या.

आणि त्याच वेळी रुपयाचं खरोखरच नाटक चाललं होतं. ते समजायला एक छोटं गणित करू. चांदीचा भाव लंडनमध्ये ठरायचा, तो ९२५ कसाच्या एका औंसाला. औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे त्यात शुद्ध चांदी ४४४ ग्रेन. रुपयात १६५. म्हणून एका रुपयातली चांदी म्हणजे ०.३७ औंस. आता भाव घालत जा. १८७० च्या सुमाराला भाव ६० पेन्स होता, तर रुपयातल्या चांदीची किंमत २२ पेन्स. पुढं जर्मनीनं चांदी सोडून सोन्याचं नाणं धरलं, युरोपातल्या इतर देशांनी चांदीच्या नाण्यांना टांकसाळी बंद केल्या, अमेरिकेत नेवाडाच्या खाणी ओसंडून वाहू लागल्या. चांदी घसरली. १८९४ ला भाव २९ पेन्सवर आला, म्हणजे रुपयात ११ पेन्सचीही चांदी उरली नाही. वजन तेच, कस तोच!

हिंदुस्थान सरकारला इंग्लंडला दरवर्षी सोन्यात पैसे पाठवावे लागत. पेन्शनी, व्याज, लष्कराचा खर्च. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये, म्हणजे रयतेवर जास्त कर. म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारनं लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. त्या दिवसापासून तोळाभर चांदी आणि रुपया यांची फारकत झाली. खेड्यातल्या बाईच्या पायातले वाळे, दंडातले कडे ही तिची बँक होती. काल ते वितळवून वजनाला वजन रुपये मिळत होते, आज फक्त चांदीचा पडलेला भाव. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात लोकांनी दागिने विकले तेव्हा हा फरक त्यांना कळला. हिशोबाच्या वहीत ही चोरी कुठंच दिसत नाही, कारण चांदी कुणी काढून घेतली नव्हती.

मग सरकार स्वतः चांदी विकत घेऊन रुपये पाडू लागलं. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स ठरवला. आतली चांदी नऊ-दहा पेन्सची, मधला नफा सरकारचा. रुपया आता चांदीवर छापलेली नोटच झाला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची बाजू घेतली होती: देशात रुपया चालू दे, परदेशच्या व्यवहारापुरतं सोनं ठेवा, झालं. केन्स म्हणजे त्या शास्त्रातलं केवढं नाव! बाबासाहेबांनी सरळ त्यांच्याशी वाद घातला.

त्यांचा मुद्दा माझ्या समजुतीप्रमाणे असा. नाण्यात किती चांदी आहे यावरून त्याचा भरवसा ठरत नाही. एकूण नाणी किती निघणार आणि ते कोण ठरवणार, यावर ठरतो. पूर्वी चांदीच्या तुटवड्यामुळे आपोआप लगाम होता. आता लगाम सरकारच्या मर्जीत. सरकारनं जास्त रुपये पाडले की देशात भाव चढतात. लंडनमधला दर १६ पेन्सच दिसत राहतो, सगळे म्हणतात रुपया स्थिर आहे, आणि इकडे त्याच रुपयात ज्वारी कमी येते. म्हणून रुपयाचा खरा कस विलायतेच्या हुंडीवर लावू नका, तो देशातल्या बाजारात त्याला काय मिळतं यावर लावा. इतकी साधी गोष्ट, पण त्या काळच्या मोठमोठ्या कमिट्यांच्या अहवालांत ती मागंच पडलेली होती.

आणि दुसरी बाजूही बघा. महायुद्धात चांदीचा भाव उलटा चढत गेला. ४३ पेन्सच्या वर गेला की रुपयातली चांदी त्याच्या १६ पेन्स किमतीपेक्षा महाग होते (वरचं गणित करून बघा). फेब्रुवारी १९२० मध्ये भाव ८९ पेन्सच्या पुढे गेला, म्हणजे रुपयात ३३ पेन्सची चांदी. लोक रुपये वितळवू नयेत तर काय करतील? सरकारनं वितळवणं गुन्हा ठरवलं, १९१७ च्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट काढली, १९१८ मध्ये अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी आणली. १९२० ला सरकारनं रुपया दोन शिलिंगांवर नेऊन बसवला, तोही काही महिन्यांत कोसळला. ज्याचा अभ्यास करायचा तो पेशंट बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर तापानं फणफणत होता.

प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. चरित्रकार सांगतात की त्यातली सरकारवरची टीका परीक्षकांना झोंबली आणि तो पुन्हा लिहायला सांगण्यात आला. एव्हाना पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतून त्यांनी मांडणी सौम्य केली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली, डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं पुस्तक काढलं. सबमिशन परत आल्यावर तोंड पाडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढं पुरे. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच आपले काही मतभेदही नोंदवले. शिष्यानं त्या तशाच छापल्या. हे मला फार आवडतं.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. उपाय त्यांनी स्पष्ट मांडला. टांकसाळ लोकांना बंद आहे तशी सरकारलाही बंद करा, म्हणजे नवा रुपया निघणारच नाही. सोन्याचं नाणं पाडायला टांकसाळ उघडा, दोन्ही नाणी कायद्यानं ठरलेल्या प्रमाणात चालू द्या. सोन्याचा हा आग्रह आज कुणी धरणार नाही, आणि कॅननसारख्यांना तो तेव्हाही पुरता पटला नव्हता. पण त्या साक्षीतला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हा मुंबईचे गिरणीवाले आणि व्यापारी रुपया स्वस्त ठेवा, १ शिलिंग ४ पेन्सवर न्या, म्हणून मागणी करत होते. राष्ट्राचं हित म्हणून ही मागणी गाजत होती. बाबासाहेब परळच्या चाळीत राहत होते, शेजारीपाजारी गिरणी कामगार. त्यांनी विचारलं, हा फायदा नक्की कुणाचा? रुपया स्वस्त झाला की माल महाग होतो, मजुरी मात्र मागून लंगडत येते. मालकाला जो नफा दिसतो तो बाहेरून आलेला नसतो, कामगाराच्या ताटातून निघालेला असतो. साऱ्या देशभक्त गर्दीत हे बोलायला छाती लागते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक उभी राहिली, असे मेसेज दर १४ एप्रिलला फिरतात. मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग कमिशननं १९२६ मध्ये केली, कायदा १९३४ चा, बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. त्या कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली आणि नाणी वाटेल तितकी काढण्याची सरकारची मुभा हाच मूळ रोग, हे त्यांनी ठासून मांडलं होतं, इतकं नक्की. एवढं पुरेसं मोठं आहे, त्यावर सोन्याचा मुलामा चढवायची गरज नाही.

पुढं ते नाण्यांपासून लांब गेले असं आपण समजतो. पण चांदी त्यांच्या आयुष्यात परत परत येते. डिसेंबर १९२७, महाड. परिषदेला जमलेल्या बायकांपुढे ते बोलले. गळ्यात ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे, चांदीचे गोठ-पाटल्या ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, नाहीतर नको. दुसऱ्याच दिवशी बायका वेगळ्या पद्धतीनं लुगडी नेसून आल्या. आणि त्याच सुमाराला इंदूर भागातल्या काही गावांत सवर्णांनी बलाई जातीवर जे नियम लादले त्यात एक होता: त्यांच्या बायकांनी सोन्याचे किंवा चांदीचे दागिने घालायचे नाहीत. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या पुस्तिकेत बाबासाहेबांनी ही हकीकत मुद्दाम घेतली आहे. एकाच्या अंगावर हलकी चांदी हीच ओळख, दुसऱ्याच्या अंगावर चांदीला बंदी. कुणाच्या अंगावर कोणत्या कसाचा धातू असावा हेही जातच ठरवत होती.

रुपयाचं पुढं काय झालं? दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा अपुरी पडली आणि १९४० मध्ये रुपयातली चांदी ९१६ वरून ५०० वर आणली. बाकी तांबं, निकेल, जस्त. ज्यांच्या घरी आजीच्या डब्यात जुने रुपये असतील त्यांनी वर्ष बघावं. १९३९ च्या आधीचा आणि १९४० नंतरचा रुपया वजनाला सारखाच भरतो, पण सराफ एकाला दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास भाव देतो. १९४७ ला निकेलचा रुपया आला आणि चांदी पूर्ण गेली. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी आपल्या या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, मुंबईच्या थॅकर कंपनीकडून, आणि तिला ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’चा पहिला खंड असं नाव दिलं. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहायचा बेत होता. ऑगस्टमध्ये ते कायदामंत्री झाले, त्याच महिन्याच्या शेवटी घटनेच्या मसुदा समितीचं काम अंगावर आलं. दुसरा खंड लिहायचा राहिला तो राहिलाच.